पूर्ण वाक्यात विमलआक्का

पहिला वर्ग भरला तो जूनच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी सहाला, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. खर्च दोनशे दहा रुपये: सहा चहा, सहा क्रीमरोल. माणशी पस्तीस, ते मी जागेवरच वसूल केले. हजर: मी, माझी बायको सुनीता, वॉचमन धोंडीराम, दूध घालणाऱ्या हौसामावशी, इस्त्रीवाले रफिकभाई, आणि सगळ्यांच्या मधोमध, माझ्या स्कूटरला टेकून, पोट दाबून, डोळे पांढरे केलेल्या विमलआक्का कांबळे.

आक्का आजारी नव्हत्या. इंग्रजी शिकवत होत्या.

विमलआक्का आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मलकापूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. घरात त्या आणि त्यांची आई, दोघीच. आई गेल्या दिवाळीनंतर गेली. आक्कांचा आवाज असा की त्यांनी जिन्यात 'गुड मॉर्निंग' म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा खाली बसतो. आणि कुणाचंही अर्धवट उत्तर त्यांना चालत नाही. भाजीवाल्याला दर विचारला आणि तो "चाळीस" म्हणाला, की आक्का म्हणणार, "काय चाळीस? पूर्ण वाक्यात!" बिचारा म्हणतो, "दोडका चाळीस रुपये पाव किलो हाय, बाई." मग आक्का पिशवी पुढे करतात. मी सोसायटीचा खजिनदार. मेंटेनन्सची पावती देताना "मिळाले" एवढंच लिहिलं, तर त्यांनी ती परत पाठवली. काय मिळाले, कुणाला मिळाले, कशाबद्दल मिळाले? त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून मी पावती पूर्ण वाक्यात लिहितो.

उन्हाळ्यात एक दिवस त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मी कंबोडियाला चाललोय. इंग्रजी शिकवायला."

कोल्हापुरात बायकाही 'चाललोय' म्हणतात, त्यात काही विशेष नाही. विशेष होतं ते कंबोडिया.

"तिथं ओळखीचं कोण आहे, आक्का?" सुनीतानं विचारलं.

"गल्लीगल्लीत विहार हाय म्हणं. बुद्ध काय परका हाय व्हय मला?"

पण नोकरी तशी मिळत नव्हती. परदेशात इंग्रजी शिकवायचा एक ऑनलाइन कोर्स आधी पुरा करायचा होता. फी मी विचारली, त्यांनी सांगितली, आणि मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. कोर्सचा पहिला नियम असा की शिकणाऱ्यांच्या भाषेत एक शब्द बोलायचा नाही. खुणा करा, चित्र काढा, अभिनय करा. दुसरा नियम, बाईंनी कमी बोलायचं, वर्गानं जास्त.

आक्का महिनाभर या दुसऱ्या नियमावर तापलेल्या होत्या. "जन्मभर मी पोरांस्नी गप्प बसवलं. आता ही म्हणत्यात, बाई, तूच गप्प बस!"

पण चिकाटी दांडगी. सराव म्हणून त्यांनी काही दिवस घराबाहेर मराठी बंद केली. किराणा दुकानात जाऊन शेंगदाणे सोलण्याचा अभिनय केला. दुकानदारानं लसूण दिला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकी गळते हे त्यांनी दोन्ही हात वर करून आणि बोटं थरथरवत दाखवलं, तर चेअरमननी नमस्कार केला आणि "आभार" म्हणून मीटिंग संपवली. टाकी पुढे पंधरा दिवस गळत होती.

कोर्सच्या शेवटी खऱ्या वर्गाचा व्हिडिओ पाठवायचा होता. शिकणारे इंग्रजी अजिबात न येणारे हवेत. कोर्सवाल्यांनी व्हिडिओ पास केला तरच कंबोडियातल्या एक शिकवणीवाल्या बाई नोकरी देणार. वय साठीला टेकलेलं, त्यामुळे दुसरीकडून कुणी उत्तरही देत नव्हतं. म्हणून तो पार्किंगमधला वर्ग. मोबाईल माझा, धरणारा मी. मी "स्टार्ट" म्हणायचं, की आक्कांनी सुरू व्हायचं.

धडा होता 'आय अॅम हंग्री'. आक्कांनी पोट दाबलं, गाल आत ओढले, रिकामं ताट दाखवलं आणि स्कूटरवर कोसळल्या. आता वर्गानं म्हणायचं होतं, "यू आर हंग्री." वर्ग एकमेकांकडे बघायला लागला. मग हौसामावशी उठल्या.

"आगं बया, ह्या बाईनं सकाळपास्नं कायबी खाल्लं न्हाय," असं म्हणत त्यांनी आपल्या पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी आणि खर्डा काढला आणि आक्कांच्या रिकाम्या ताटात ठेवला. धोंडीराम पाणी आणायला पळाला. रफिकभाई म्हणाले, "बाई, आधी खावा, शिकायचं मागनं बघू की."

मी हातानं 'थांबा थांबा' करतोय, मोबाईल हलतोय. आक्कांना मराठी बोलायला बंदी. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मावशींनी घास करून तोंडाशी नेला. कोल्हापुरात भुकेल्या माणसासमोर बसून वाक्य कोण पाठ करणार? आक्कांनी भाकरी खाल्ली. सगळी.

व्हिडिओ वाया गेला, असं मी म्हणालो. आक्कांनी तो तरीही पाठवायला लावला, आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी पुन्हा घेऊ."

पुढच्या रविवारी वर्ग तयारीनंच आला. रफिकभाईंच्या घरचा पांढरा रस्सा किटलीत, धोंडीरामच्या डब्यात पिठलं, मावशींकडे दही. आक्का पोटाला हात लावायच्या आत ताट भरलेलं. मी म्हटलं, "आक्का, वाक्य बदला. 'आय अॅम कोल्ड' घ्या."

"न्हाय. ह्योच धडा."

"अहो, पण व्हिडिओ पास कसा होणार?"

"तुम्ही फकस्त स्टार्ट म्हणा की."

मग दर रविवारी हाच प्रकार. मावशींना वाक्य हळूहळू यायला लागलं. 'यू हंग्री' म्हणत त्या भाकरी वाढायच्या आणि आक्का तोंडात घास असतानाच ओरडायच्या, "फुल सेंटेन्स!" सुनीताही कधी भात, कधी कोशिंबीर घेऊन खाली यायला लागली. चहाचे माणशी पस्तीस मी घेतच होतो.

गणपती जवळ आले तेव्हा आक्का पुढच्या वर्षाचा मेंटेनन्स आगाऊ भरायला आल्या. फ्लॅट बंद राहणार म्हणाल्या.

"बंद? अजून व्हिडिओ कुठं पास झालाय?"

"पयलाच झालाय की. जूनमधीच, बेंदराच्या आधी."

"तो भाकरीचा?"

"व्हय. कोर्सवाल्यांनी कळवलं, वर्गाला अर्थ शंभर टक्के समजला, म्हणूनच भाकरी आली. याहून चांगला पुरावा न्हाय म्हणाले."

मी पेन खाली ठेवलं. "मग इतके रविवार आपण काय शूटिंग करत होतो?"

आक्कांनी हातातल्या नोटा पुन्हा सरळ केल्या. मग पावतीकडे बघत म्हणाल्या, "आई होती तवर दोघींच्या भाकऱ्या होत होत्या. एकटीसाठी तवा तापवायला हात उठत न्हाय. संध्याकाळचं मी नुस्तं दूध पितोय. रविवारी तेवढं..."

वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मीही मागितलं नाही. पावती लिहिली, विमल कांबळे यांच्याकडून सोसायटीला पुढच्या वर्षाचा मेंटेनन्स आगाऊ मिळाला, असं पूर्ण वाक्यात.

जाण्याच्या आदल्या रविवारी शेवटचा वर्ग भरला. हजर तेच सहाजण. मी मोबाईल समोर धरला. बटण दाबलं नाही. "स्टार्ट," म्हणालो.

आक्कांनी पोटावर हात ठेवला. हौसामावशी उठल्या, ताट पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "ईट."

आक्का बघत राहिल्या. 'पूर्ण वाक्यात' म्हणाल्या नाहीत. भाकरीचा तुकडा मोडला आणि खाली मान घालून खायला लागल्या.

चहा आणि क्रीमरोलचे दोनशे दहा रुपये मी कोपऱ्यावरच्या चहावाल्याला दिले. वर्गणी काढली नाही.