उमरढोकच्या फोनाचे पाच मान

माणसाने आजवर केलेली कुलुपे बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी आहेत. आतल्याला बाहेर जाऊ न देणारे कुलूप तुरुंगानंतर फक्त मोबाईल कंपन्यांना सुचले. यात कंपन्यांना दोष देण्यासारखे काही नाही. तुरुंगात निदान शिक्षेची मुदत आधी सांगतात, ही बाब कंपन्यांच्या अद्याप लक्षात आलेली नसावी.

कारंजा (घाडगे) तालुक्यातील उमरढोक हे गाव तीन वर्षांपूर्वी डिजिटल झाले. संवादसेतू नावाच्या कंपनीने गावाला बटनांचे दोनशे अकरा फोन दिले. अटी दोन होत्या. प्रत्येकाने आपला जुना फोन कंपनीकडे जमा करावा, आणि नव्या फोनात संवादसेतूशिवाय दुसरे सिम चालणार नाही हे समजून घ्यावे. पहिली अट गावाने पाळली. दुसरी कोणी वाचली नाही (ती पान क्रमांक नऊवर होती).

गेल्या दिवाळीनंतर संवादसेतूने शाळेच्या छतावरचा टॉवर उतरवून नेला आणि पाठोपाठ कंपनी बंद केली. तेव्हापासून गावात दोनशे अकरा फोन आणि शून्य घंट्या अशी परिस्थिती आहे. हायवेवरच्या ढाब्यामागे दुसऱ्या एका कंपनीचा टॉवर आहे व त्याची रेंज गावात उत्तम येते. लोकांनी त्या कंपनीची सिम घेतली, आपापले जुने नंबर तिकडे वळवून घेतले आणि ती सिम डब्यात ठेवली. फोनात घातली की पडद्यावर 'अनलॉक कोड टाका' असे येई. फोनचा टॉर्च मात्र पूर्वीसारखाच चालत असल्याने डिजिटल गावाचा फलक काढण्याचे कारण नव्हते.

या गावात मोहिनी रामाजी थूल ही बी.कॉम. झालेली मुलगी राहते. वर्ध्याच्या एका कार्यालयातील नोकरीच्या प्रतीक्षा यादीत तिचे नाव पहिले होते. यादीतल्यांना बारा फेब्रुवारीला सकाळी अकरा ते सायंकाळी पाच या वेळेत, अर्जात दिलेल्या नंबरवर फोन येणार होता. जो उचलेल त्याला नोकरी, जो उचलणार नाही त्याच्या पुढच्याला फोन. अर्जातला नंबर बदलता येत नव्हता. मोहिनीकडे नंबर होता, सिम होते, रेंज होती. फक्त या तिघांनी एकत्र यायचे कुठे, हा प्रश्न होता.

तिने तो एकटीने सोडवला होता. कारंज्यात अश्विन नावाच्या मुलाचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. त्या दिवशी आपले सिम त्याच्या फोनात घालून सकाळी अकरापासून दुकानातल्या स्टुलावर बसायचे, असे तिने त्याच्याशी बोलून ठेवले होते. त्याच दुकानाच्या संगणकावरून तिने बंद पडलेल्या कंपनीला अकरा ईमेलही पाठवले होते. अकराव्याला उत्तर आले. बंद कंपनीने चालू कंपनीपेक्षा लवकर उत्तर दिल्याची ही जिल्ह्यातील पहिली नोंद असावी. फोन ग्रामपंचायतीच्या नावाने असल्यामुळे सर्व दोनशे अकरा फोनांचे कोड ग्रामपंचायतीला पाठवत आहोत, असे त्यात होते. खाली ठळक अक्षरात सूचना: प्रत्येक फोनाला कोड टाकण्याच्या पाच संधी. पाचही चुकल्यास फोन कायमचा बंद.

ज्या अर्थी संधी पाच आहेत, त्या अर्थी मान पाच आहेत, हे ग्रामपंचायतीच्या लगेच लक्षात आले.

बाहेरच्या माणसाला हे समजायला वेळ लागेल. उमरढोकमध्ये बोअरवेलच्या पंपाचे बटनसुद्धा कोणी नुसते दाबत नाही. आधी हार, मग बटन, मग पाणी (आल्यास). तेव्हा प्रायोगिक तत्त्वावर मोहिनीचा फोन जाहीर कार्यक्रमात उघडावा, असे एकमताने ठरले. कोडसाठी खटपट तिने केली, म्हणून गौरव तिच्या फोनाचा. तारीख ठरली बारा फेब्रुवारी. त्या दिवशी नोकरीचा फोन घ्यायला मला कारंज्याला जायचे आहे, असे मोहिनीने सरपंच शकुबाईंना सांगून पाहिले.

"अवं, तुह्याच फोनाचा कार्यक्रम अन् तूच नाई, कसं दिसंन ते?" शकुबाई म्हणाल्या. "तो फोन इथंच उचलजो. सारं गाव टाळ्या वाजवंन."

लाभार्थीची उपस्थिती अनिवार्य, असे पत्रिकेत छापून आले.

ग्रामपंचायतीच्या सभागृहातल्या कार्यक्रमाची वेळ सकाळी साडेदहाची होती, म्हणून तो साडेबाराला सुरू झाला. मोहिनीचे नवे सिम फोनात घालून फोन स्टीलच्या ताटात, झेंडूच्या हारात ठेवला होता. कोड होता ४७१९२६५०. तो गोपनीय असल्याने फळ्यावर खडूने लिहून त्याखाली 'गोपनीय' अशी ओळ लिहिली होती. वाऱ्याने हार हलला की मोहिनी दचकून ताटाकडे बघे. फोन वाजणे शक्य नव्हते, हे तिला ठाऊक होते.

पहिला मान शकुबाईंचा. त्यांनी सात आकडे बिनचूक दाबले आणि शून्यावर थांबल्या. आहेरात कोणी शंभर देत नाही, एकशे एक देतो. शुभकार्याचा शेवट शून्यावर करणे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी शून्याऐवजी एक दाबला. टाळ्या झाल्या. फोनने कोड चुकल्याचे दाखवले.

दुसरा मान माजी सरपंच भैय्याजींचा. ग्रामपंचायतीत सात सदस्य, त्यातले चार शकुबाईंच्या पॅनेलचे व तीन भैय्याजींच्या. कोड चाराने सुरू होतो हे फळ्यावर वाचून भैय्याजींनी दोन मिनिटे मौन पाळले.

"हा नंबर काढला कोनं?" त्यांनी विचारले.

कंपनीनं, असे मोहिनीने सांगितले.

"कंपनीले काऊन चारच दिसले?"

आणि विरोधी पक्षाची भूमिका म्हणून त्यांनी चाराच्या जागी तीन दाबला. शेवटचा शून्य मात्र त्यांनी आग्रहाने शून्यच ठेवला, कारण एक हा शकुबाईंचा होता. फोनने कोड चुकल्याचे दाखवले. फोन सत्ताधाऱ्यांना विकला गेल्याचे भैय्याजींनी शेजाऱ्याला सांगितले.

आता वातावरण थोडे गढूळ झाले असल्याने तिसरा मान तंटामुक्त समितीचे अध्यक्ष चंद्रभानजी यांनी स्वीकारला. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या व असा तोडगा काढला की निम्मा कोड एकाचा आणि निम्मा दुसऱ्याचा घ्यावा. सुरुवातीचा मान शकुबाईंना एकदा मिळून गेला होता, म्हणून पहिले चार आकडे भैय्याजींचे व शेवटचे चार शकुबाईंचे. उलट केले असते तर फोन उघडला असता. पण मग न्याय झाला नसता. चंद्रभानजींनी ३७१९२६५१ दाबले, दोन्ही पॅनेलने एकत्र टाळ्या वाजवल्या, आणि असा कोड टाकला गेला जो सर्वांना मान्य होता. मान्य नव्हता तो एकट्या फोनाला.

दोन वाजले होते. मोहिनीने बाई, मी दाबू का, असे विचारले. लाभार्थीने मधेच बोलू नये, असे तिला प्रेमाने सांगण्यात आले.

चौथा मान महिला बचत गटाचा. गटात बाया दहा, कोडात आकडे आठ. कोणत्या दोघींना वगळायचे यावर वीस मिनिटे चर्चा झाली आणि कोणालाच वगळायचे नाही असे ठरले. गटाच्या घटनेतही सर्वांना समान संधी असेच म्हटले आहे. पहिल्या आठ जणींनी फळ्यावर बघून आठ आकडे बरोबर दाबले. नववी कांता, मोहिनीची आई. फळ्यावर नववा आकडा नव्हता. तिने लेकीकडे पाहिले, मग आपल्या मागे रांगेत उभ्या राहिलेल्या गटाच्या अध्यक्षांकडे पाहिले, आणि नऊ दाबला. अध्यक्षांनी दहावा आकडा आपल्या आवडीचा दाबला. फोनने कोड चुकल्याचे दाखवले व त्याखाली ओळ आली: १ संधी शिल्लक.

ही शिल्लक संधी प्रमुख पाहुणे कैलासराव यांच्यासाठी राखीव होती. कैलासराव वर्ध्याला राहतात, आणि त्यांच्याकडे दोन फोन असल्याने ते या विषयातील तज्ज्ञ समजले जातात. ते निघाले असून पोचण्याच्या बेतात आहेत, असा निरोप ढाब्यावरून आला होता (पहिला अकराला, दुसरा एकला, तिसरा तीनला). सव्वातीनला त्यांची गाडी गावच्या रस्त्याला लागल्याचे दिसले. बँडसह सारी सभा वेशीकडे गेली. ताट राखायला बचत गटाची एक बाई मागे ठेवली. ती कांता होती.

सभागृहात मायलेकी दोघीच उरल्या.

"दाब," कांता म्हणाली. "मी दारात उभी राह्यतो."

"अन् चुकलं त?"

"तुह्या मागं रांगेत दुसरी बाई नाई न आता."

मोहिनीने आठ आकडे दाबले. तेरा सेकंद लागले. यात कोणताही हार, नारळ किंवा मौन समाविष्ट नव्हते. पडद्यावर ढाब्यामागच्या कंपनीचे नाव आले आणि रेंजच्या चार काड्या उभ्या राहिल्या. कांताने हार पूर्वीसारखा फोनभोवती लावून ठेवला.

तीन चाळीसला कैलासराव मंचावर आले. त्यांनी ताटातला फोन उचलला व फळ्यावर बघत आठ आकडे दाबले. कोड मागणारी ओळ आधीच गेलेली आहे, हे तज्ज्ञाच्या नजरेला दिसण्याइतके ठळक नव्हते. आठवा आकडा दाबायच्या आत टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबल्यावर कैलासरावांनी फोन सभेला दाखवला, आणि नेमका तीन सत्तेचाळीसला तो त्यांच्या हातात वाजला.

दोनशे अकरा फोनांच्या गावात तीन महिन्यांनी वाजलेली ती पहिली घंटी. लोक उठून उभे राहिले. कैलासरावांनी पडद्याकडे पाहिले आणि शिकलेल्या माणसाच्या सहजतेने फोन कापला.

"अनोळखी नंबर आहे," त्यांनी माईकवरून सांगितले. "असे फोन घ्यायचे नसतात. लोनवाले असतात."

"सर, तो फोन माहा होता," मोहिनी पहिल्या रांगेतून म्हणाली.

"आता तुझाच आहे बेटा," कैलासराव म्हणाले. "अभिनंदन."

आणि फोन खिशात टाकून त्यांनी 'संपर्क हेच जीवन' या विषयावर पस्तीस मिनिटे मार्गदर्शन केले. मोहिनीने त्यातले काय ऐकले, याची नोंद नाही. कांता व्यासपीठाच्या पायरीवर बसून त्यांच्या खिशाकडे बघत होती, याचे फोटो आहेत.

वर्ध्याच्या त्या कार्यालयात फोन लावणाऱ्या माधवी मॅडमनी नियमाप्रमाणे यादीतले पुढचे नाव घेतले. यादीत मोहिनीनंतर दहा जण होते. दहाही जणांकडे चांगले, मोठ्या पडद्याचे, कोणत्याही कंपनीचे सिम चालणारे फोन होते आणि ते सर्व त्या वेळी रेंजमध्ये होते. निकाल पुढीलप्रमाणे. अनोळखी नंबर म्हणून कापला: चार. नंबर कोणाचा ते ओळखून सांगणाऱ्या अॅपने लाल रंगात 'त्रासदायक' दाखवला, म्हणून आपोआप कापला गेला: तीन. फोन मूक अवस्थेत होता व मालक त्यात व्हिडिओ बघत होता: दोन. उचलला, "नको" म्हटले आणि ठेवला: एक.

यादी संपली. पाच वाजायचे होते. यादी वेळेआधी संपल्यास काय करावे याबद्दल नियम काही बोलत नव्हता, म्हणून माधवी मॅडमनी ती पहिल्यापासून पुन्हा सुरू केली.

चार एकेचाळीस. आभारप्रदर्शन झाले होते, फोटोसाठी फोन पुन्हा ताटात आला होता आणि ताट कांताच्या हातात होते. घंटी अर्धी वाजली.

"हॅलो, मोहिनी रामाजी थूल बोलते."

"तुमी खरंच उचलला का?" माधवी मॅडमनी विचारले.

"हो."

"दहा जनाईले लावला हो. एकानंबी ऐकून घेतलं नाई. उद्या जॉइन होता का?"

"आजच येतो न मॅडम."

"आता ऑफिस बंद व्हाची येळ झाली ताई," माधवी मॅडम म्हणाल्या. "उद्या दहाले येजा."

फोन कैलासरावांच्या हस्ते उघडला, अशी नोंद इतिवृत्तात आहे. उरलेल्या दोनशे दहा फोनांचे प्रत्येकी पाच, असे एक हजार पन्नास मान शिल्लक असून गावाची लोकसंख्या एक हजार एकशे त्रेचाळीस आहे. मान न मिळणारे त्र्याण्णव जण कोण, हा प्रश्न चंद्रभानजींच्या समितीपुढे आहे. तोवर सर्व फोन अधिकृतरीत्या कुलूपबंद आहेत. दरम्यान त्याच आठवड्यात शकुबाई कोडची फाईल पदराखाली घेऊन रामाजीच्या घरी आल्या होत्या. "माहा पयले कर," एवढेच त्या म्हणाल्या. भैय्याजी मागच्या दाराने आले. बाकीचे लोक रांगेत आले.

मोहिनी आता त्याच कार्यालयात, त्याच टेबलावर बसते. यादीतल्या लोकांना लँडलाइनवरून फोन लावणे हे तिचे काम. यादी कधी नोकरीची असते, कधी घरकुलाची, कधी हरवलेल्या कागदांची. वहीत ती एकच रकाना भरते: उचलला, नाही उचलला. दुसरी फेरी आता बंद झाली आहे, कारण नियमात तशी दुरुस्ती झाली.

आज दुपारी तिने तुम्हालाही लावला होता. वर्ध्याचा नंबर होता, तुम्ही बघितलात आणि कापलात. फोन कशासाठी होता ते तिला सांगता येत नाही (गोपनीय). मग तिने पुढच्या नावाला लावला, आणि त्याने अर्ध्या घंटीत उचलला. फोन अधिकृतरीत्या कुलूपबंद होता. गाव उमरढोक.