कुजतं की नाही

लहान मुलांना समजावून सांगणं ही कला आहे आणि ती माझ्या अंगात उपजत आहे, असं मी ताईला सांगितलं, तेव्हा ती हजेरीपट भरत होती. तिने मान वर केली नाही. ताई माझी थोरली बहीण. दोन खोल्या आणि मागचं अंगण एवढ्या जागेत ती बालवाडी चालवते, एकवीस मुलांची. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. पण त्या पंधरवड्यात दुकानाची रंगरंगोटी चालली होती, मी मोकळा होतो, आणि पर्यावरण कुणीतरी वाचवायलाच हवं होतं.

"तोंडाने सांगून मुलांना काही कळत नाही," मी म्हणालो. "हातांनी करू दे."

"पुढच्या सोमवारी तपासणी आहे. मान्यता राहणार की जाणार, ते त्यावर ठरेल," ताई म्हणाली. "पसारा करू नकोस."

पर्यावरणाला ही बाई पसारा म्हणते, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मी अंगणात मुलांकडून चार खड्डे खणून घेतले. एकात केळ्याची साल, एकात वर्तमानपत्र, एकात प्लास्टिकचा चमचा आणि एकात काचेची गोटी. दहा दिवसांनी उकरून बघायचं. जे कुजतं त्याला हिरवी चिकटपट्टी, जे कुजत नाही त्याला लाल. साल पूर्ण कुजायला महिना लागतो, पण पाणी घातलं की लवकर कुजते, हेही मी सांगितलं. मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. त्यांच्यात दोन शेंड्यांची एक पाच वर्षांची मुलगी होती. ती इतके प्रश्न विचारायची, की मी तिचं नाव शंकासूर ठेवलं होतं. तिने विचारलं, बाकीच्या वस्तूंचं कसं कळणार?

"शंका आली की पुरून बघायचं," मी म्हणालो. "शास्त्रज्ञ असंच करतात."

हे वाक्य मला तेव्हा फार सुरेख वाटलं होतं.

पुढचे चार-पाच दिवस मुलं अंगणात इतकी शांत खेळली, की ताईलाही नवल वाटलं. मी त्याचं श्रेय घेतलं. दारात पालक भेटत. एका आईचा टीव्हीचा रिमोट सापडत नव्हता. एका आजोबांची खालची कवळी नाहीशी झाली होती. लहान मुलांच्या घरात वस्तू इकडच्या तिकडे होणारच, अशी मी सगळ्यांची समजूत घातली.

सोमवारी तपासनीस साहेब आले. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी मान्यतेची फाइल मागितली. ताईने कपाट उघडलं. फाइलीच्या जागी एक हिरवी चिकटपट्टी होती.

ताईने माझ्याकडे बघितलं. तिने मला लहानपणी दोनदा बडवलं आहे, तेव्हाही तिने असं बघितलं नव्हतं.

"फाइल सहाव्या खड्ड्यात आहे," शंकासुराने अभिमानाने सांगितलं. "पण अजून दहा दिवस झाले नाहीत."

सहावा खड्डा कुठून मोजायचा, यावर एकवीस जणांची एकवीस मतं होती. म्हणून मी सगळेच उकरायला घेतले. साहेब वही उघडून माझ्या डोक्याशी उभे राहिले. आधी रिमोट निघाला. मग कुणाच्या तरी बाबांचा टाय, एक चप्पल आणि गजराचं घड्याळ, तेही चालू. कवळी निघाली तेव्हा साहेबांनी लिहिणं थांबवलं. फाइल सर्वांत शेवटी आली, चिंब भिजलेली. मुलांनी तिला रोज पाणी घातलं होतं.

ताई एकेक कागद सोडवून उन्हात पसरू लागली. बारा वर्षांचं काम त्या कागदांत होतं. आता मात्र माझी मान खरोखरच खाली गेली. साहेब मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. शंकासूर त्यांच्याभोवती एक फेरी मारून आली, तिने त्यांचा दंड दाबून बघितला आणि त्यांच्या खिशावर हिरवी पट्टी चिकटवली.

"साहेब कुजतात," तिने जाहीर केलं.

साहेबांनी पट्टीकडे बघितलं.

"किती दिवसांत?" त्यांनी विचारलं.

"सालीला महिना लागतो. तुम्ही मोठे आहात, तुम्हाला वेळ लागेल."

"आणि हे बटण?"

"प्लास्टिक. ते नाही."

"चष्मा?"

तिने जरा विचार केला. "काच कुजत नाही. चष्मा राहील."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग उरलेल्या वीसही मुलांना त्यांनी एकेक वस्तू दाखवून विचारलं, आणि एकही मूल चुकलं नाही. कागद वाळेपर्यंत ते थांबले, अक्षरं लागतील तेवढी वाचली आणि ताईची मान्यता कायम केली. ताई खुर्चीत बसून रडली. कवळी मी स्वतः धुऊन पोचवली. आजोबांनी ती माझ्यासमोर लावली नाही.

अहवालात माझा उल्लेख असेल, याची मला खात्री होती. होताही. 'मुलांची पर्यावरणाची समज उत्तम,' साहेबांनी लिहिलं होतं. 'शिकवणाऱ्या गृहस्थांना मात्र मुलांच्या देखरेखीखाली ठेवावे.'

ताई हा शेरा अक्षरशः पाळते. अंगणात पाऊल टाकायचं तर मला शंकासुराची परवानगी घ्यावी लागते. काल तिने दिली नाही.