शिवेवर ठेवलेली सायकल

"'या आठवड्यात सायकलीवरून अकरा मैल रपेट झाली,' असं लिही," दामोदर म्हणाला.

कुसुमावतीने दौतीत टाक बुडवला. "मागच्या पत्रात बारा मैल झाली होती."

"मग चौदा लिही. माणसाची प्रगती व्हायला नको?"

सायकल त्या वेळी माजघराच्या कोपऱ्यात घडी होऊन पडली होती आणि तिच्यावर कुसुमावतीचं लुगडं वाळत होतं. वर्षभरात तिने केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे ओटीपासून माजघरापर्यंतचा, आणि तोही दामोदरच्या खांद्यावरून.

ही सायकल म्हणजे दामोदरच्या सासऱ्यांचं, उत्तमरावांचं देणं. उत्तमराव देवळालीच्या छावणीत लष्करी कोठारावर हेडक्लार्क होते. जर्मन युद्ध संपलं, सैन्याचं उरलंसुरलं सामान लिलावात निघालं, तेव्हा लोकांनी तंबू घेतले, घोंगड्या घेतल्या. उत्तमरावांनी जावयाच्या पहिल्या दिवाळसणाला घडीची सायकल घेतली. चढ आला की सैनिकाने ती दुमडून पाठीवर घ्यावी आणि उतार आला की उलगडून तिच्यावर बसावं, अशी ती विलायती युक्ती. जव्हारच्या मुलखात ही युक्ती अमलात आणायची तर माणसाने दर शंभर पावलांवर सायकलीचं बिऱ्हाड मांडायचं आणि मोडायचं, एवढाच काय तो तोटा.

सोबत उत्तमरावांच्या मोत्यासारख्या अक्षरातला एक कागदही आला होता. साखळीस दर आठवड्यास तेल द्यावे. चाकांच्या धावांस गंज चढू देऊ नये. बिजागरीवरचे, हाताने फिरवायचे कानाचे दोन नट बसण्यापूर्वी तपासून आवळावेत. उतारावर पुढला ब्रेक एकाएकी दाबू नये. वाहन नजरेआड करू नये. एकूण अकरा कलमं. दामोदरने तो कागद भिंतीवर डकवला आणि सायकल सांभाळण्याचं काम तिथेच संपलं असं मानलं.

त्याला सायकल येत नव्हती. पहिल्याच पत्रात त्याने 'शिकतो आहे' असं लिहायला हवं होतं; पण सासरा उत्साहाचा आणि पोस्टाचं तिकीट स्वस्त. वर्षभरात तो पत्रांतून इतका पुढे गेला होता की आता मागे येणं अशक्य होतं.

तेवढ्यात टपालवाल्याने नवं पत्र ओटीवर टाकलं. कुसुमावतीने वाचलं आणि टाक खाली ठेवला.

"बाबा शनिवारी मोखाड्याला मावसभावाकडे उतरताहेत. 'जावईबापूंनी रविवारी सायकलीवरूनच यावे. ती कशी ठेवली आहे हे डोळ्यांनी पाहीन, चालवतात कशी तेही पाहीन. शिवाय काही खासगी बोलणे आहे.'"

"पाय दुखतो म्हणून कळव."

"सायकलीमुळे पाय लोखंडासारखे झालेत, असं गेल्या महिन्यात तुम्हीच सांगितलंत आणि मीच लिहिलं."

दामोदर खाली बसला. हे खासगी बोलणं काय असणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. चाळीसेक पत्रांची थापेबाजी एका मिनिटात उघडी पडणार, आणि मग जन्मभर प्रत्येक दिवाळीला पंगतीत त्याच्या नावाने हशा पिकणार.

शनिवारी उजाडताच तो निघाला. चालतच, अर्थात. सायकल काळ्याच्या पाठीवर होती. काळ्या हा त्याच्या लशीची पेटी वाहणारा गडी, पन्नाशीचा आणि शांत. दामोदर जव्हार संस्थानात देवीडॉक्टर होता. पाड्यापाड्यांवर जाऊन दंडाला देवीची लस टोचायची हे त्याचं काम. तो येतोय असं कळलं की अख्खा पाडा सरपणाला जायचा, तान्ह्या पोरांसकट. निघताना कुसुमावतीने सायकलीला हळदकुंकू लावलं होतं, झेंडूची माळ घातली होती आणि दांड्याला नारळ बांधला होता. "निदान देवाला तरी कळू दे, ही कशी चालते ते," ती म्हणाली होती.

चार मैलांवर एक लांब, सरळ उतार लागला. दोन्हीकडे कारवी, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"काळ्या, उतरव. इथे सराव करतो."

"पडाल, डागतर."

"ही सैन्याची सायकल आहे."

"सैन्य कुठं हाय?"

दामोदरने सायकल उलगडली आणि कानाचा नट आवळला. एकच. दुसराही असतो हे जव्हारच्या भिंतीवर व्यवस्थित लिहिलेलं होतं. मग तो बसला, आणि काय आश्चर्य, सायकल निघाली! वारा कानात शिरला. दहा पावलं, वीस पावलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपण पत्रात लिहिल्यासारखे आहोत असं त्याला वाटलं. उताराच्या मध्यावर सायकलीला आपण घडीची असल्याची आठवण झाली. पुढलं चाक मागल्या चाकाला भेटायला आलं. दामोदर मध्ये नव्हता, कारण तो तोवर कारवीत पोचला होता.

घोटा बघता बघता सुजला. काळ्याने एकदा सायकलीकडे पाहिलं, एकदा दामोदरकडे.

"एका खेपंला एकच ओझं. सांगा, कोन आधी?"

सायकल जवळच्या पाड्याच्या शिवेवर, शेंदूर फासलेल्या धोंड्याला टेकवून काळ्याने दामोदरला पाठीवर घेतलं. पाड्यावर रामी नावाच्या बाईने मुकाट्याने आंबेहळद उगाळून घोट्याला बांधली. अर्ध्या तासाने काळ्या सायकल आणायला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला.

"नाय."

"नाय म्हणजे?"

"धोंडा हाय. सायकल नाय. फुटका नारळ हाय."

दामोदरने पाड्यात चौकशी केली. कुणी काही पाहिलं नव्हतं. जे बोलले त्यांनी तर आयुष्यात चाकच पाहिलं नव्हतं. मात्र माणसं भलतीच प्रेमळ. न सांगता चौघांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि त्याला उचललं. "लवकर चला, डागतर, मोखाडं लांब हाय."

"काय ही माया!" दामोदर डोळे पुसत काळ्याला म्हणाला. काळ्या डोलीच्या मागे चालू लागला.

पुढच्या पाड्याच्या शिवेवर चौघांनी डोली धोंड्याशी ठेवली आणि एकदा हात जोडून ते असे गेले की त्यांना कुणी हाक मारू शकलं नसतं. शेजारी ताज्या फुटक्या नारळाचे तुकडे आणि झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. दहा मिनिटांत समोरून दुसरे चौघे आले. त्यांनी डोली उचलली.

"अहो, इथे एक सायकल आलेली का?"

"नाय बा. आमच्या शिवंत काय येतच नाय."

तिसऱ्या पाड्यावर दिवस मावळला. अंधारात ओझं पुढे नेता येत नाही, म्हणून फागी नावाच्या म्हातारीने त्याला आपल्या पडवीत घेतलं आणि नाचणीची भाकरी पुढे सरकवली. तिच्या अंगणाच्या कडेला एक हिरवी बांगडी, थोडं कुंकू आणि तेलाचा ओघळ होता. दामोदर बराच वेळ त्या ओघळाकडे पाहत राहिला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. साथ आली की इकडची माणसं देवीचा लहानसा गाडा करतात, त्याची पूजा करतात आणि आपल्या शिवेबाहेर नेऊन ठेवतात. पुढचा पाडा तो पुढे ढकलतो. त्याच्या पुढचा आणखी पुढे. दोन चाकं, कुंकू, माळ, नारळ, शिवेचा धोंडा.

"आजी," तो समजूत घालायच्या सुरात म्हणाला, "तुमची चूक नाही. अडाणी माणसाला तसं वाटणारच. पण तो देवीचा गाडा नव्हे. त्याला सायकल म्हणतात."

फागीने त्याच्याकडे करुणेने पाहिलं. "आमास काय डोळं नायत? सायकलच ती. जव्हारच्या बाजारात बघलीय मी. वर टोपीवाला बसतो आन् टणटण वाजवतो."

"मग पुढे का ढकललीत?"

"देवीचा गाडा राहला तं पाड्यात दोघाचौघांस ताप येतो. साहेबाची चीज राहली तं सगळ्यांस येतो. शिपाई येतो. कोनी आणली, कोनी हात लावला, पुसतो. कोंबडी खातो. मंग सांगतो, कचेरीत चला. देवी बरी बाबा, ती कोंबडी घेऊन निघून तरी जाते."

"मग नारळ कशाला फोडलेत? तेल कशाला? बांगडी?"

"जानाऱ्याला गोड बोलून लावावं. परत येऊ नये म्हून."

दामोदरने भाकरीचा तुकडा मोडला. तो तोंडापर्यंत नेताना त्याला आणखी एक गोष्ट सुचली, आणि ती त्याला आवडली नाही.

"आजी, ही चार माणसं मला एवढ्या मायेने उचलून आणतात..."

"तू बी साहेबाचीच चीज ना, पोरा," फागी म्हणाली. "त्यात पाय मोडका. आमच्याकडं काय झालं तुला, तं आमी काय सांगावं? सकाळी लवकर नेतील. खा."

कोपऱ्यात काळ्या भिंतीकडे तोंड करून झोपला होता. त्याची पाठ हलत होती.

रविवारी दामोदरचा गाडा आणखी चार शिवा ओलांडून मोखाड्याच्या वेशीवर टेकला. वाटेत संस्थानची हद्द संपून इंग्रजी मुलूख लागला, पण त्याने कुणाच्या पद्धतीत फरक पडला नाही; एवढंच, की शेवटच्या शिवेवर त्याच्याही कपाळाला कुंकू लागलं आणि मांडीवर एक नारळ आला. काळ्याच्या खांद्याचा आधार घेत तो लंगडत सासऱ्यांच्या मावसभावाच्या घरी पोचला. वाटभर त्याने कबुलीचं भाषण तयार केलं होतं. सायकल हरवली. मुळात येतच नव्हती. चौदा मैल खोटे, बारा खोटे.

ओट्यासमोर सायकल उभी होती.

उलगडलेली, ताठ, माळांनी लगडलेली. तिच्याभोवती उत्तमराव दोन्ही हात मागे बांधून फेऱ्या मारत होते.

"या, या! पहाटे फिरायला गेलो तर वेशीवर ही! कोठाराचा नंबर लगेच ओळखला. म्हटलं, जावईबापू वाहन पुढे पाठवून मागून येताहेत. हे पाहा." त्यांनी साखळीला बोट लावून दामोदरच्या नाकाशी धरलं. खुरासणीच्या तेलाचा वास आला. सात पाड्यांनी सात वेळा ओतलेलं तेल. "ह्या धावा पाहा, राखेने घासलेल्या! आणि हे दोन्ही नट. माझ्या हातानेही सैल होत नाहीत!"

ढकलण्यासाठी उलगडलेली सायकल वाटेत अवचित दुमडून कुणाच्या अंगावर येऊ नये म्हणून पाड्यापाड्याने ते जीव खाऊन आवळले होते.

"सदतीस वर्षं लष्करात काढली," उत्तमराव म्हणाले. "अशी निगा पाहिली नाही. पाय काय झालाय?"

"पडलो. सायकलीवरून," दामोदर म्हणाला. भाषण सुरू करायला जागा बरी होती. "बाबा, खरं सांगायचं तर..."

"बसतो तोच पडतो! सांगायला लागत नाही!" त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, काळ्याला पाणी प्यायला आत पाठवलं आणि जावयाला दंडाला धरून गोठ्यामागे नेलं. सायकलही सोबत घेतली. तिथे म्हशीशिवाय कुणी नव्हतं.

"खासगी बोलायचं म्हणालो होतो ते." उत्तमरावांनी घसा खाकरला. मग पुन्हा खाकरला. "मी कोठारात दोन हजार सायकली नोंदवल्या. सुट्या केल्या, जोडल्या, वाटल्या. ती अकरा कलमं माझीच. पण बसलो... बसलो असा नाही कधी."

दामोदर म्हशीकडे पाहत राहिला.

"पुढल्या महिन्यात मी पेन्शनीत निघतो. मेजरसाहेब बोलण्याच्या ओघात म्हणाले, 'उत्तमराव, तुम्ही चालवता ना?' मी हो म्हणून बसलो. आता निरोपाच्या दिवशी सगळ्या पलटणीसमोर मैदानाला एक फेरी मारायची ठरलीय. देवळालीत शिकायला गेलो तर लोक हसतील. इथे मला कुणी ओळखत नाही. तुम्ही आठवड्याला चौदा मैल जाता. मला शिकवा. तुमच्याइतकी यायला किती दिवस लागतील?"

सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दामोदरने पाहिलं, की आता खोटं बोलून काही मिळण्यासारखं राहिलं नव्हतं, आणि वर्षभरात पहिल्यांदाच तो खरं बोलला.

"माझ्याइतकी म्हणाल, बाबा, तर ती तुम्हाला आत्ताच येते."

"हा विनय," उत्तमराव गहिवरून म्हणाले, "हा विनय हल्लीच्या पोरांत कुठे राहिलाय?" आणि धोतराचा काचा मारून ते सायकलीवर चढले.