मारताबाईंचा नंतरचा देव

दर रविवारी सकाळी आमच्या शेजारच्या ओट्यावर एक बाई देवाशी भांडायची. भांडण एकतर्फी असायचं, पण आवाज दोघांचा मिळून असल्यासारखा.

"बेचाळीस पोरं! संदेष्ट्याला टकल्या म्हटलं म्हणून बेचाळीस पोरांवर अस्वलं सोडायची?" एवढं म्हणून ती मांडीवरचं जाडजूड शास्त्र, म्हणजे बायबल, धाडकन मिटायची. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघायची. "मास्तर, शाळेतली पोरं तुम्हाला मागून काय म्हणतात, मला ठाऊक आहे. तुम्ही कधी अस्वल सोडलंत?"

मी मुकाट्याने डोक्यावर टोपी ठेवायचो.

नाव मार्था. घोटावड्याच्या दवाखान्यात त्या नर्सबाई होत्या. गावाच्या तोंडी मार्थाचं 'मारता' झालं, आणि बाळंतिणीला बाजरीच्या भाकरीऐवजी नुसती पेज पाजणाऱ्या सासवांना त्या ज्या भाषेत झाडायच्या ती ऐकल्यावर तेच नाव बरोबर आहे असं सगळ्यांचं मत पडलं. गावात ख्रिस्ती माणूस त्या एकट्याच. चर्च नव्हतं, पाळक म्हणजे पाद्री नव्हता. म्हणून रविवारची उपासना त्या स्वतःच चालवायच्या. वाचणाऱ्या त्याच, गाणाऱ्या त्याच, आणि आमेनही त्याच म्हणायच्या. आमेन म्हणायला मात्र त्या सहजासहजी तयार नसत.

एकदा मी ते शास्त्र बघायला मागितलं आणि बोटातून रक्त काढून घेतलं. पानोपानी टाचण्या टोचलेल्या! जे वचन पटलं नाही तिथे टाचणी.

"हे अडलंय," त्या म्हणायच्या. हा त्यांचा धंद्यातला शब्द. बाई अडते, तसं वचनही अडतं. "अडलं की ओढायचं नाही, मास्तर. ओढलं की काहीतरी तुटतं. टाकून घरीही जायचं नाही. उशाशी बसून राहायचं."

वर्षातून एकदा पुण्याहून एक पाळकसाहेब येत. मऊ बोलणारे, चांगले गृहस्थ. मारताबाई त्यांना चहा द्यायच्या आणि एकेका टाचणीवर बोट ठेवून जाब विचारायच्या. पाळकसाहेब रुमालाने मान पुसत म्हणायचे, "बाई, हे गूढ आहे."

"गूढ म्हटलं की तुमची सुटका होते साहेब, माझी होत नाही."

बिचाऱ्यांनी एकदा सुचवलं, की एवढा त्रास होतो तर तेवढी पानं सोडून वाचावं. बाई अशा काही भडकल्या! "पोटात पोर आडवं आहे म्हणून मी तेवढी बाई सोडून देऊ?" पाळकसाहेब दुपारच्याऐवजी सकाळच्या गाडीने परत गेले.

कधी एखादं वचन सुटायचंही. मग टाचणी ओच्याला लावून त्या आमच्याकडे वाटीभर शिरा घेऊन यायच्या. "नऊ वर्षांनी सुटलं!" काय सुटलं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण शिरा साजूक तुपातला असायचा. देवाच्या पदरी आणखी बरीच कठीण वचनं असोत, असं माझी बायको मनापासून म्हणायची.

त्या रविवारी भांडण नुकतं रंगात आलं होतं, इतक्यात वरच्या धनगरवाड्यावरचा बिरू धापा टाकत ओट्याशी आला. बायको रात्रीपासून कळा देत होती. याआधीची तिची दोन मुलं जन्मतःच गेलेली. दवाखान्यातला शिपाई सुट्टीवर होता. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तर, पिशवी उचला."

तासाभराची चढण होती. धनगरवाड्यावर पोचताच बाई आत गेल्या. मी आणि बिरू बाहेर, कारवीच्या कुडाला टेकून बसलो. कुडाला फटी होत्या, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. बराच वेळ नुसतं कण्हणं. मग बाईंचा आवाज चढला, "अगं, जोर दे! अंग का सोडलंस?"

"कशापायी द्यायचा जोर?" आतून बिरूची बायको सगुणा म्हणाली. "ऱ्हायाचंच न्हाई त्ये. मामंजींनी देवराईतलं लाकूड तोडलं, ह्या घराच्या आढ्याला. देव तीन पिढ्या सोडत न्हाई म्हंत्यात. ही तिसरी हाय."

बिरूने मान खाली घातली.

"बाई," सगुणाने विचारलं, "तुमच्या पुस्तकात काय लिव्हलंय वो?"

मला वाटलं, बाई आता म्हणतील, असलं काही नसतं गं, वेडी कुठली. कुणीही तेच म्हटलं असतं. पण आजाऱ्याला कडू औषध गोड आहे असंही न सांगणारी ही बाई.

"आमच्याही पुस्तकात तेच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "बापाचं पाप तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत."

बिरूने कपाळावर हात मारला. त्या क्षणी आत जाऊन बाईंचं तोंड दाबावं असं मला वाटलं.

"पण ऐक. त्याच पुस्तकात पुढे देव म्हणतो, बापाने आंबट खाल्लं म्हणून लेकाचे दात आंबतात, ही म्हण आता कुणी बोलायची नाही. ज्याचं त्याच्यापाशी."

"मंग खरं कंचं?" हा सगुणाच्या सासूचा आवाज.

"मला नाही माहीत, आजी. पंचवीस वर्षं झाली, मला सुटलेलं नाही. पण दोन्ही त्याचंच बोलणं असेल, तर मी नंतरचं धरणार. हे बघ सगुणा, मी नंतरचं घट्ट धरून बसलेय. तू जोर दे."

सासू म्हणाली, "आक्शी आमच्या म्हाताऱ्यावानी हाय की तुमचा देव. आदी लई वरडायचा, आन् मंग पोरगं निजलं की त्येच्या अंगावर घोंगडं टाकायचा."

आणि काय सांगू, त्या कळांमध्ये सगुणाला हसू आलं. हसता हसता ती ओरडली. मग बाईंच्या सूचना, सासूचा बिरोबाचा धावा, भांड्यांचा आवाज, आणि नंतर काहीच नाही. बिरूने माझं मनगट धरलं होतं, त्याची नखं रुतली तरी मला कळलं नाही. आत दोन चापट्या ऐकू आल्या. मग तिसरी. मग असं काही खणखणीत रडणं, की वाड्यातली कोकरं ओरडायला लागली.

"मुलगी हाय!" सासू ओरडली. "जित्ती हाय!"

बिरू उठून कुठे जावं ते न कळून आधी कुंपणाकडे गेला, मग माझ्याकडे आला, आणि शेवटी माझी टोपी काढून माझ्या टकलावर त्याने दोन्ही हात ठेवले. तेवढंच जवळ होतं त्याच्या.

उतरताना ऊन कलायला लागलं होतं. वाटेत ओढा लागला तशा बाई थांबल्या. नेहमी माझ्यापुढे चालणारी बाई खडकावर बसली आणि चपला काढून तिने पाय पाण्यात सोडले.

"मला कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "मी अनाथाश्रमातली. पायरीवर ठेवून गेले होते. बाप कोण, त्याने काय केलं, काहीच ठाऊक नाही. नर्सिंग शिकत होते तेव्हा तिथल्या इस्पितळातल्या एका कंपाउंडरने मागणी घातली. चांगला होता, बासरी वाजवायचा. मी नाही म्हटलं."

"का?"

"बाप पहिला, मी दुसरी. माझी मुलं तिसरी झाली असती." त्या पाण्याकडे बघत होत्या. "म्हटलं, ते माझ्यापाशीच संपू दे. पुढे कुणाला नको."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"ते दुसरं वचन मला पाठ होतं हो. रोज वाचायचे. पण कुणाला मोठ्याने सांगायची वेळ आजवर आली नव्हती. आज तिला सांगितलं, तेव्हा माझ्याही कानांवर पडलं."

"उशीर झाला," त्या मग म्हणाल्या. मला वाटलं दवाखान्याला म्हणताहेत, म्हणून मी पिशवी उचलली. पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी एक दीर्घ श्वास सोडला आणि हसल्या. बाळंतपण नीट पार पडल्यावर आतून बाहेर येणारी बाई हसते तशा. "पण सुटले बाई."

मग त्यांनी पदर कमरेला खोचला, ओंजळ भरून पाणी तोंडावर मारलं आणि विचारलं, "मास्तर, पोरीचं नाव काय ठेवायचं म्हणून सासू मला विचारत होती. मला काही नाव सुचवता येतं का हो? मी कधी विचारच केला नाही मुलांच्या नावांचा."

पिशवी खाली ठेवून मी त्यांच्या शेजारी बसलो, आणि अंधार पडून खालचं गाव दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघं नावं आठवत राहिलो.