साडूभाऊंचं तळहाताएवढं मशीन

"काय सांगू तुम्हाला, धाकटीचे हे झोपले ना, की माणूस घरात आहे की नाही पत्ता लागत नाही!"

बहिणीकडे दोन दिवस राहून आलेल्या बायकोनं हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी हे वाक्य खाली ठेवलं. चष्मेवाल्यांनी चहाचा कप बशीत जरा जोरातच टेकवला.

"मग काय माणसानं घरात आहे हे कळू नये असं झोपावं? तो काय चोर आहे?"

"अहो, कौतुक करतेय मी. आणि ते मशीन! इवलंसं. तळहातावर मावतं. नाहीतर आपलं."

आपलं म्हणजे बेडरूममधल्या टेबलावर ठाण मांडून बसलेलं, पोटात पाण्याची टाकी आणि डोक्यावर जाडजूड नळी असलेलं धूड. चष्मेवाल्यांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार होता. डॉक्टरांनी रात्रभर तपासून सांगितलं होतं, की हे मशीन मास्कमधून हवा ढकलत राहील, त्यामुळे घसा मिटणार नाही आणि घोरणंही थांबेल. तसं ते थांबलंही. सगळं छान चाललं होतं. पण छान चाललेलं साडूला बघवतं का?

खरं तर साडूला बघवत होतं. बघवत नव्हतं ते चष्मेवाल्यांना. धाकटीचा नवरा विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, म्हणून सगळे त्याला विमावाले म्हणत. भावाशी माणूस भांडतो, वाटणी करतो आणि मोकळा होतो. साडूशी भांडायची सोय नाही, कारण मधे दोन बहिणी हातात हात घालून उभ्या असतात. मग करायचं काय, तर जळायचं. विमावाल्यांचं घर मोठं, गाडी मोठी, डोक्यावरचे केस अजून काळे. एका आजारात काय ते चष्मेवाले पहिले आले होते. वर्षभर नातेवाइकांत या मशीनचं "सीपॅप" हे नाव फक्त त्यांच्या तोंडी होतं. आणि एके दिवशी विमावाले म्हणाले, "साडूभाऊ, मलाही तेच निघालं! तुमच्या मशीनचं प्रेशर किती? आठ? माझं बारा!"

आता, नंबर जितका मोठा तितका दोष मोठा, हे चष्मेवाले आपल्या चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना दिवसभर समजावून सांगत. तरीही बारा ऐकून त्यांच्या पोटात दुखलं ते दुखलंच. वर आता हे तळहातावरचं मशीन.

"आणि बरं का," बायको पुढे म्हणाली, "धाकटी म्हणतेय, चौघं मिळून दोन दिवस कुठंतरी जाऊ या. तळ्याकाठी एक विश्रामगृह आहे म्हणे. आपण आपलं मशीन नेऊ. जड असलं तर मी उचलीन."

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. विमावाले खिशातून मशीन काढताहेत, आणि आपण मागून मिक्सर घेऊन निघालेल्या बिऱ्हाडासारखे येतोय. छे! तीस वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडून 'धाकटीचे हे' पुष्कळदा ऐकलं होतं. एकदा, फक्त एकदा, तिनं चारचौघांत 'आमचे हे' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि ती पुरी करायची तर मशीन छोटं हवं.

दुसऱ्याच दिवशी दुकान नोकरावर टाकून ते मशीनच्या शोरूममध्ये हजर झाले. तिथल्या बाईंनी टेबलावर चार-पाच मशीनं मांडली.

"प्रवासाला हवंय ना? मग वजन बघा, बॅटरी बघा, आवाज बघा. लहान मशीनमध्ये पाण्याची टाकी नसते, घसा कोरडा पडू शकतो. पण सगळ्यात महत्त्वाचा मास्क. घरी कुठला वापरता?"

"घरी जरा मोठा आहे. नाक-तोंड झाकणारा."

"म्हणजे तोंड उघडं ठेवून झोपता?"

चष्मेवाल्यांनी शेजारचा नाकाचा मास्क हातात घेतला. विमावाल्यांचा मास्क कसला, नाकाखाली दोन मऊ बोळे आणि कानामागून एक पट्टी. फोटोत बघितला होता. त्यात माणूस रोगी नाही, वैमानिक वाटत होता.

"छे हो, आता सवय गेली," ते म्हणाले. "तोंड मिटूनच झोपतो मी."

"नक्की? झोपेत आपण काय करतो ते आपल्याला कळत नाही. बायकोला घेऊन या एकदा. त्या सांगतील."

"बायको ना? ती बहिणीकडे गेलीये," चष्मेवाल्यांनी ठोकून दिलं. "हे सगळ्यात लहान मशीन द्या, आणि हा नाकाचा मास्क. बरं, प्रेशर बारा करता येईल?"

"तुमच्या कागदावर आठ आहे."

"हो, पण जरा वाढवून..."

"काका, ही भाजी नाही," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी लिहिलंय तेच ठेवणार. फार तर आपोआप कमी-जास्त होणारं लावून देते, डॉक्टरांना फोन करून. हवा कुठून निसटली तर मशीन स्वतःच जोर वाढवतं."

जोर वाढवतं म्हटल्यावर चष्मेवाले खूश झाले. वाढता वाढता बारापर्यंत जाईल, असा त्यांनी मनाशी हिशेब केला. मशीन घरी नेऊन एकदा लावून बघावं, हे त्यांना सुचलं नाही असं नाही. पण उद्घाटन साडूसमोरच करायचं ठरलं होतं. त्यांनी ते बॅगेत मोज्यांच्या खाली दडवलं आणि बायकोला काही बोलले नाहीत.

विश्रामगृह बैठं होतं. पुढे व्हरांडा, त्यापुढे हिरवळ, मागच्या अंगाला स्वयंपाकघर. दोघा साडूंना शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या. दुपारचं जेवण अंगावर आलं आणि विमावाल्यांनी मोठी जांभई दिली.

"साडूभाऊ, मी जरा पडतो. आपलं काय, बटण दाबलं की झालं. तुम्ही मशीन आणलंत का? की ते आणायला टेम्पो केलाय?"

धाकटी फिसकन हसली. चष्मेवाल्यांची बायकोही हसली, आणि ते त्यांना जास्त लागलं.

"बघाल, बघाल," एवढंच म्हणून ते खोलीत गेले. दार ओढून घेतलं, मशीन उशाशी ठेवलं, बोळे नाकात बसवले, पट्टी कानामागे सारली आणि आरशात बघितलं. वैमानिक! थोडा वेळ झोपू, उठून हे असंच घालून व्हरांड्यात जाऊ, असा बेत करत ते आडवे झाले. आणि झोप लागल्याबरोबर, रोजच्याप्रमाणे, त्यांचं तोंड उघडलं.

मग व्हायचं तेच झालं. नाकातून आत गेलेली हवा तोंडावाटे सुसाट बाहेर पडू लागली. हवा निसटतेय हे त्या गुणी मशीनच्या लक्षात आलं, त्यानं जोर वाढवला. जोर वाढला तशी हवा आणखी निसटली. ओठ फडफडू लागले, बोळे तिरके झाले, आणि घोरणं परवडलं असा एक लांबलचक, अखंड फुसफुसाट खिडकीतून बाहेर पडला. खिडकी स्वयंपाकघराच्या बाजूची होती.

आचारी भांडी आवरत होता. त्यानं कान टवकारले. शेगडी बंद केली. आवाज चालूच. सिलिंडरचा कॉक बंद केला. आवाज वाढला.

"साहेब, गॅस! गॅस सुटलाय!"

मॅनेजर धावत आला, त्यानं आवाज ऐकला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "वास येत नाहीये," असं कुणीतरी म्हणालं.

"वास येईपर्यंत थांबायचंय का? सगळे बाहेर! दिवे लावू नका, पंखे बंद करू नका, कशाला हात लावू नका! बाहेर!"

व्हरांड्यात गप्पा मारत बसलेल्या दोघी बहिणी दचकून उठल्या. कुणी टॉवेलवर, कुणी एका पायात चप्पल घालून, सगळे पाहुणे हिरवळीवर जमले. मॅनेजर डोकी मोजू लागला, आणि तेवढ्यात चष्मेवाल्यांच्या बायकोनं किंकाळी फोडली.

"अगंबाई, आमचे हे आत आहेत!"

"बाई, आत जाऊ नका!"

"अहो, आमचे हे झोपलेत आत! बाजूला व्हा!"

मॅनेजरनं हात आडवा घातला, तो तिनं झटकला. पायरीवर ठेच लागली, गुडघा फुटला, तरी ती थांबली नाही. आवाजाच्या दिशेनं थेट गेली आणि दार लोटून आत शिरली. अर्धवट अंधारात तिला नवरा नीट दिसलाही नाही. दंड धरून तिनं त्यांना उठवलं आणि खेचत बाहेर काढलं. चष्मेवाले झोपेतच होते. मशीन नळीला लटकत मागून येत होतं. बॅटरीवर चालणारं असल्यामुळे ते बंद पडायचं काही कारणच नव्हतं.

अशा रीतीनं गॅसची गळती स्वतःच्या पायांनी चालत हिरवळीवर आली.

फूसससस. लोक दोन पावलं मागे सरकले. आचाऱ्यानं वाळूची बादली उचलली.

"अहो, हे काय लावलंय तोंडाला?" म्हणत बायकोनं मास्क ओढला. आवाज थांबला. हिरवळीवर इतकी शांतता पसरली, की तळ्यातलं पाणी ऐकू यावं.

"आले का सगळे?" चष्मेवाले डोळे किलकिले करून म्हणाले. "कसं दिसतंय?"

पहिल्यांदा आचारी हसला. मग मॅनेजर, मग टॉवेलवाले गृहस्थ, मग सगळेच. चष्मेवाल्यांना परिस्थितीचा उलगडा झाला तसं धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटू लागलं. इतका आटापिटा केला तो साडूसमोर नाक वर करायला, आणि त्याच नाकानं घात केला. आता विमावाले काय बोलतील या धास्तीनं त्यांनी हळूच इकडेतिकडे बघितलं. विमावाले कुठंच नव्हते.

"साडूभाऊ कुठायत?" त्यांनी विचारलं.

धाकटी हसता हसता थांबली. "अय्या, खरंच की! आमचे हे कुठं गेले?"

तेवढ्यात शेजारच्या खोलीचं दार उघडलं. केस नीट विंचरलेले, सदऱ्याला सुरकुती नाही, असे विमावाले आळस देत व्हरांड्यात आले.

"अरे वा, सगळे बाहेर? चहा झाला का? मला हाक नाही मारलीत ती?"

"गॅस सुटला होता!" आचारी म्हणाला. "म्हणजे, सुटलाय असं वाटलं होतं. सगळ्यांना बाहेर काढलं आम्ही."

"सगळ्यांना?" विमावाल्यांनी विचारलं. ते बायकोकडे बघत होते.

"अहो, मला काय माहीत!" धाकटी गोरीमोरी झाली. "आवाज नाही, काही नाही. मला वाटलं तुम्ही तळ्यावर गेलात फिरायला. तुम्ही झोपलात की माणूस घरात आहे की नाही कळतं का कुणाला?"

मॅनेजरनं घाईघाईनं चहा सांगितला. विमावाल्यांची नजर मेव्हणीच्या फुटलेल्या गुडघ्यावर गेली, तिथून तिच्या हाताकडे. त्या हातानं नवऱ्याचा दंड अजून घट्ट धरला होता.

"कुणी सांगितली ही नसती थेरं?" ती नवऱ्याला झापत होती. "निघताना बघते तर आपलं मशीन टेबलावरच. म्हटलं, विसरले वाटतं. माझ्या साड्या काढून ठेवल्या आणि ते आणलंय मी. जिवाला काही झालं असतं म्हणजे? चला आत, तुमचा मास्क देते."

एवढी बोलणी चारचौघांत खाऊनही चष्मेवाल्यांची छाती फुगली होती. एवढा सुखाचा चहा ते कित्येक वर्षांत प्यायले नव्हते.

संध्याकाळी तळ्याकाठी विमावाले त्यांना गाठून जरा बाजूला घेऊन गेले. दोघी बहिणी पुढे निघून गेल्याची खात्री केली. घसा खाकरला.

"साडूभाऊ, एक विचारू? कुणाला सांगायचं नाही."

"विचारा ना."

"तुमचं ते मोठं मशीन तुम्ही आता वापरणारच. मग हे छोटं..." ते घुटमळले. "त्यातून तो आवाज मुद्दाम काढता येतो का हो?"