बिरूआबांचं गळतं माळवद

जतच्या आमच्या गल्लीत बिरूआबांकडे कुठल्याही दुखण्यावर एकच औषध असतं, ते म्हणजे माती. गाडीचं ऑइल सांडलं, टाका माती. गांधीलमाशी चावली, लावा माती. बायकांचं भांडण पेटलं तरी आबा मध्ये घुसून म्हणणार, "टाका गं माती तेच्यावर!" सत्तरी ओलांडलेला एकटा माणूस, आणि हट्ट मात्र पोरासारखा.

त्यांचं घर जुनं, माळवदाचं. म्हणजे तुळयांवर फळ्या, फळ्यांवर तरवडाच्या काटक्या आणि त्यावर पांढरी माती. दरवर्षी उन्हाळा सरता सरता आबा सांगलीत टेम्पो चालवणाऱ्या मुलाला फोन लावतात. आवाज असा, की फोन नसता तरी सांगलीला ऐकू गेला असता. "सिदू, माळवद लय गळतंय रं! माती टाकाय ये!" सणाला न फिरकणारा सिदू मग मातीची ट्रॉली घेऊन हजर होतो.

आता आमच्याकडे पावसाळ्यातही पाण्याचा टँकर येतो. सगळा तालुका कोरडा, आणि गळतं काय ते आबांचं माळवद! मी शाळामास्तरीण, एकदा न राहवून तसं विचारलं. आबा म्हणाले, "बाई, ढगाला बी तुमीच शिकवलंय व्हय?"

मला विचारायचा हक्क होता. आमच्या दोन घरांची मधली भिंत एकच. दरवर्षी थरावर थर चढून आबांची मधली तुळई पोट सुटल्यासारखी खाली आली होती, आणि तिचं एक टोक आमच्या भिंतीत होतं. ती मोडली तर आबा ढिगाऱ्याखाली आणि माझं स्वयंपाकघर चव्हाट्यावर. "आधी जुनी माती काढा," असं मी सांगून थकले. आबा ऐकतील तर शपथ!

यंदा सिदू घमेलं घेऊन वर चढला. आबा नेहमीप्रमाणे आत उभे राहून काठीनं फळ्या ठोकत जागा दाखवत होते. "हितं टाक! आन् हितं बी!" मी दारात जीव मुठीत धरून उभी. दोन घमेली पडली आणि तुळई करकरली. आबांच्या पागोट्यावर भुरभुर माती सांडली.

"आवं आबा, बाहेर या!" मी ओरडले.

आबा हलले नाहीत. उलट हातातली काठीच तुळईखाली टेकू म्हणून लावली आणि ती दोन्ही हातांनी आवळून उभे राहिले. एवढी थोरली तुळई आणि ती बोटभर जाडीची काठी! एरवी मी हसले असते, पण तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला.

"सिदू, उतर खाली!" आबा ओरडले.

"एवढा कोपरा करतो की," वरून सिदू म्हणाला. "गळतंय न्हवं?"

तुळई पुन्हा करकरली, या खेपेला जास्त.

"गळत न्हाई रं!" आबांचा आवाज फाटला. "कवाच गळलं न्हाई! उतर माझ्या लेकरा!"

वरची पावलं थांबली. मग भिंतीच्या कडेकडेनं शिडीकडे गेली. सिदूचे पाय जमिनीला लागलेले दिसले, तेव्हा कुठे आबांनी काठी सोडली. मी त्यांना दंडाला धरून अक्षरशः ओढत बाहेर काढलं.

गल्लीतल्या लोकांनी आत खरेखुरे टेकू लावले आणि संध्याकाळपर्यंत कडेनं माती उतरवली. खालच्या तरवडाच्या काटक्या खडखडीत कोरड्या निघाल्या, ओलीचा डागसुद्धा नव्हता. त्यातली एक हातात घेऊन सिदू मातीच्या ढिगावर बापाशेजारी बसला. आता हा चिडणार, असं मला वाटलं, आणि चिडला असता तर माझी ना नव्हती.

आबा खाली बघत म्हणाले, "आता फुडच्या साली काय सांगून बोलवू रं तुला?"

"नुस्तं ये म्हणायचं की."

"ते जमत न्हाई रं मला."

सिदूनं त्यांच्या पागोट्यावरची सकाळची माती हातानं झाडली.