कोहळेकाकांचा सेकंड मॅन

कोहळेकाकांना वास येतात. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष, सगळ्यांनाच येतात. पण काकांना जे वास येतात ते जगात नसतात, आणि जे जगात असतात ते काकांना येत नाहीत.

स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दोनमध्ये, आमचं आणि त्यांचं क्वार्टर भिंतीला भिंत लावून आहे. रविवारी मी ताटावर बसायला आणि काका दारात उभे राहायला एकच गाठ. अंगात बनियन, गळ्यात गमछा, चेहरा एकदम गंभीर.

"विनोद, चाल. वास येऊन राहिला."

खरं तर ते मला 'विदोद' म्हणतात, कारण नाक बारा महिने चोंदलेलं. मी आता त्याच नावाला ओ देतो.

"कायचा वास, काका?"

"रबर जळल्याचा."

काकांची सगळी नोकरी प्लांटात गॅस सेफ्टीला गेली. तिथला नियम असा, की गॅसच्या जागी एकट्याने जायचं नाही. एकाने आत जायचं, दुसऱ्याने बाहेर उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची. आतला पडला तर त्याला ओढून काढायला कुणीतरी हवं ना. हा बाहेरचा म्हणजे सेकंड मॅन. काका रिटायर झाले, पण त्यांचा नियम काही रिटायर झाला नाही. स्वतःच्या स्वयंपाकघरात नसलेलं रबर शोधायलाही त्यांना सेकंड मॅन लागतो, आणि शेजारी राहिल्याबद्दल ती पोस्ट मला मिळाली आहे.

मी दारात उभा राहतो. काका आत शेगडीखाली वाकतात, फ्रिजच्या मागे डोकावतात, डब्यांची झाकणं उघडून आत नाक घालतात. मध्येच आतून आवाज येतो, "ड्यूटीवर मोबाइल नाई पाह्यचा." एकदा मी धीर करून म्हणालो, "मले तं काईच वास नाई येऊन राहिला, काका."

"तुह्यं नाक इचारलं का मी? तू फक्त उभा राह्य."

शेवटी "ऑल क्लियर" होतं आणि मी गार वरणभाताकडे परततो.

याच काकांच्या दिवाणाखाली मागे एक उंदीर मरून पडला होता. क्वार्टरांची सगळी लाइन नाकाला पदर आणि रुमाल लावून हिंडत होती. काका त्याच दिवाणावर बसून शांतपणे पोहे खात होते आणि मला सांगत होते की घरात कुठेतरी रॉकेल सांडलंय.

उपाय त्यांनी सगळे केले. ओव्याची पुरचुंडी हुंगली, नाकात मोहरीचं तेल घातलं. जलनेतीसाठी आमच्याकडची चहाची किटली नेली. ती परत आल्यावर सुषमाने, म्हणजे माझ्या बायकोने, तिच्यात मनीप्लांट लावला. खुर्सीपारच्या कुण्या वैद्याने दिलेली तपकीर ओढून काका एका शोकसभेत असे शिंकत सुटले, की दोन मिनिटांचं मौन आम्हाला पुन्हा पाळावं लागलं.

पण कुरुदच्या साक्षगंधाची गोष्ट वेगळीच. आमच्या एका नातेवाइकाच्या मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. टिळा लागला, पाया पडून झालं, पुऱ्या कढईत पडणार इतक्यात काकांना सडक्या अंड्यांचा वास आला. त्यांनी हॉल रिकामा करवला. मी नेमका पान आणायला गेलो होतो, म्हणून जवळ जो सापडला त्यालाच धरलं. सापडला नवरदेव.

"बाबू, इथं उभा राह्य. माह्यावरून नजर हटवू नोको."

कोट घातलेला, कपाळावर टिळा लावलेला तो मुलगा स्वयंपाकाच्या दारात ताठ उभा राहिला. आतून आचारी विनवत होता, "चाचा, पूरी तलने दो, मेहमान भूखे हैं." वऱ्हाड उन्हात उभं. मुलीची आजी मात्र खूश झाली. पोरगा सांगितलेलं ऐकते, म्हणाली, आपल्या पोरीचं बरं होईल.

नाकाच्या डॉक्टरने काकांना केव्हाच सांगितलं होतं, की आत मांस वाढलंय, छोटं ऑपरेशन करू, श्वास मोकळा होईल आणि बहुतेक हे वासही कमी होतील. काका हो म्हणत आणि टाळत. कधी ऊन फार, कधी थंडी फार, कधी गणपती. मी म्हणायचो, घाबरतात म्हातारे.

मग या उन्हाळ्यात एका सकाळी काकांना करपलेल्या गुळाचा वास आला. मी नेहमीसारखा कुरकुरत दारात उभा राहिलो आणि माझ्याच नाकात वास घुसला. खरा. गॅसचा. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण उघडंच होतं. काका गूळ शोधत होते, आणि खिडक्या बंद असल्याने अंधारात दिसेना म्हणून त्यांचा हात दिव्याच्या बटणाकडे चालला होता. मी गमछा धरून त्यांना ओढलं ते थेट अंगणात आणलं. मग नाक दाबून आत गेलो, शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या.

काका पायरीवर बसून राहिले.

"जनमभर लोकाईले गॅसमधून काढलं," मग म्हणाले, "अन् माह्याच घरात मले समजलं नाई."

मी जरा चढ्या आवाजातच बोललो. "आता तरी ऑपरेशन करा ना. कावून टाळून राहिले?"

"तिथं आत एकट्यालेच नेतात, विनोद. बाहेर कोण राह्यते माह्यं? पोरगी नीता पुण्याले, तिचं बाळ अजून महिन्याचं नाई." त्यांनी गमछ्याने नाक पुसलं. "तुह्या काकूले ऑपरेशनले आत नेलं, तवा मी बाहेरच होतो. चहा प्यायले म्हून जरासा खाली गेलो. परत आलो तं ती गेली होती. तिच्यासाठी दारात कोणीच नोहतं उभं."

इतकी वर्षं मी त्यांच्या दारात उभा राहिलो, पण मला हे माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"मी उभा राह्यतो," मी म्हणालो.

ऑपरेशनच्या दिवशी काकांना आत नेलं आणि मी दारासमोर उभा राहिलो. शेजारी रिकामा बाक होता. वॉर्डबॉय दोनदा येऊन सांगून गेला, "भैया, टाइम लगेगा, नीचे जाके चाय-वाय पी लो." मी नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. पाय भरून आले होते, पण त्या दारासमोरून हलावंसं वाटेना.

बऱ्याच वेळाने स्ट्रेचर बाहेर आलं. काकांच्या नाकात बोळे, तोंड उघडं, डोळे अर्धवट. ते डोळे कुणाला तरी शोधत होते. मी वाकलो.

"कुठं गेलता का?" त्यांनी विचारलं.

"कुठंच नाई गेलो, काका."

त्यांनी निश्चिंत डोळे मिटले आणि लगेच घोरायला लागले.